अर्ध्या तासाचा हक्क

ऐन दिवाळीत, चकल्या-अनारशांच्या पंक्तीला कायद्याची कलमे वाढणे हे काही सुगृहिणीचे लक्षण नव्हे, हे मला कळते. या सदरात मी एरवी एखादा शब्द हाती घेते, त्याच्या कुळाची चौकशी करते आणि वाचकांना चार गमती सांगून निरोप घेते. यंदाही शब्दच घेतला आहे. तो आहे 'सही'. मोठा दुतोंडी शब्द! कागदाखाली आपण जी नावाची खूण करतो ती सही. आणि 'बरोबर', 'खरे' या अर्थानेही सहीच. दोन्ही अर्थांचे मूळ अरबीतल्या 'सहीह' या एकाच शब्दात आहे. म्हणूनच की काय, एकदा सही केली म्हणजे सगळे सहीच झाले, असे आपण समजून चालतो. तसे नेहमीच होत नाही, आणि ते विशेषतः आपल्या मुलांच्या बाबतीत होत नाही, हे यंदा सांगायचे आहे.

मागच्या हिवाळ्यात आम्ही घरची मंडळी दोन दिवसांसाठी काशीदला गेलो होतो. अलिबागहून मुरुडकडे जाणाऱ्या रस्त्यावर तीसेक किलोमीटरवर हे गाव आहे. पांढरी वाळू, कडेने सुरूची झाडे आणि पाठीशी फणसाडचे जंगल. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची इतकी गर्दी लोटते की वाळूपेक्षा माणसेच अधिक दिसावीत. आम्ही ज्या घरी उतरलो होतो त्या घरची मुलगी पंधरा वर्षांची. पहाटे उठून ओल्या वाळूत कबड्डीचा सराव करायची. रायगड जिल्ह्यात कबड्डीचे वेड मोठे. गावोगाव संघ आहेत. या मुलीची चढाई मी स्वतः पाहिली. डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच हात लावून रेषेवर परत! बघणाऱ्यालाच धाप लागावी.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणे आटोपल्यावर, तिची आई हात पुसत माझ्याकडे आली. "बाई, तुम्ही कॉलेजात शिकवता ना? मग एवढं जरा वाचून बघाल का?" तिच्या हातात चार पानी छापील कागद होता. शहरातल्या एका खासगी प्रशिक्षण संस्थेने मुलीला बोलावले होते. राहण्याजेवण्याची सोय ते करणार होते. कागद आरंभापासून अखेरपर्यंत इंग्रजीत. शेवटच्या पानावर मुलीची सही झालेली होती, वडिलांची व्हायची होती.

"तू सही केलीस, पण यात लिहिलंय काय?" मी मुलीला विचारले.

ती हसून म्हणाली, "ते सरांना ठाऊक."

मी कागद वाचला. मुलीचा जन्मदाखला, गुणपत्रिका आणि खेळाची प्रमाणपत्रे, सर्व मूळ प्रती, संस्थेकडे राहतील. पाच वर्षे ती अन्य कुणाकडून खेळणार नाही. बक्षिसाची रक्कम संस्था जमा करील आणि योग्य वाटेल तो वाटा देईल. दुखापत झाल्यास संस्था जबाबदार नाही. कोणतीही तक्रार संस्थेबाहेर नेता येणार नाही. शाळेचा मात्र चार पानांत कोठे उल्लेख नव्हता. पंधरा वर्षांची मुलगी, दहावीचे वर्ष तोंडावर आलेले, आणि शिक्षण हा शब्दच नाही!

त्या संस्थेचे नाव मी येथे लिहीत नाही. कारण हा कागद एकट्या तिचाच असेल असे मला वाटत नाही. आणि मुलीचे ते उत्तर तर मुळीच तिचे एकटीचे नव्हे. 'ते सरांना ठाऊक' हे वाक्य महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतून उच्चारले जात असेल.

ते ऐकून मला आठवण झाली ती खाशाबा जाधवांची.

कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमधून कांस्यपदक घेऊन आला. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ही गोष्ट आपण मुलांना अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच हवी. पण त्या गोष्टीची दुसरी बाजू आपण सांगत नाही. हेलसिंकीत खाशाबांची जपानच्या शोहाची इशीशी दीर्घ, दमवणारी कुस्ती झाली. ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढण्यासाठी पुकारण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी असा नियम होता. पण तो नियम पुढे करून भांडायला तेथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता, असे सांगतात. थकलेले खाशाबा तसेच आखाड्यात उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण मिळाले, सोव्हिएत मल्लाला रौप्य.

अर्धा तास! विश्रांती मिळाली असती तर काय झाले असते, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण तो अर्धा तास त्यांच्या हक्काचा होता. कुणी मेहेरबानी म्हणून द्यायचा नव्हता.

आणि याच खाशाबांचे दुसरे रूपही पाहण्यासारखे आहे. त्याच वर्षी मद्रासला झालेल्या स्पर्धेत आपल्यावर गुणांचा अन्याय झाला असे त्यांना वाटले, तेव्हा ते मुकाट्याने घरी येऊन बसले नाहीत. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावून घेतली, ती जिंकली आणि मगच हेलसिंकीचा रस्ता धरला. जेथे त्यांना आपली भाषा बोलता आली, आपली माणसे भेटली, तेथे ते भांडले आणि जिंकले. जेथे ना भाषा, ना माणूस, ना नियमाचे पुस्तक, तेथे अंगातली ताकद एकटी पडली. परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि त्यानंतर प्रवासासाठी काढलेले कर्ज फेडायला त्यांना कुस्त्यांचे फड भरवावे लागले. पोलिसांत नोकरी केली, निवृत्तीनंतर निवृत्तिवेतनासाठी झगडावे लागले. १९८४ साली अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कारही त्यांच्या पश्चातच मिळाला.

बैलगाड्यांवरून आठवले. आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर बैलगाडी शर्यतींचे केवढे वेड! २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली, २०१७ साली राज्याने कायदा केला, २०२१ च्या डिसेंबरात अटींवर परवानगी मिळाली आणि २०२३ साली घटनापीठाने ती कायम केली. त्या अटी मी मुद्दाम वाचल्या. बैलाची पशुवैद्यकाने तपासणी केली पाहिजे, त्याला विश्रांती मिळाली पाहिजे, त्याला मारता-टोचता कामा नये. उत्तम! मुक्या जनावराच्या बाजूने कायदा उभा राहिला याचा आनंदच आहे. गंमत अशी की गावातल्या प्रत्येक गाडीवानाला या अटी तोंडपाठ आहेत. मग बोलत्या लेकरांच्या बाजूने कायद्यात काय लिहिले आहे, हे त्यांच्या आईबापांना का ठाऊक नसावे?

पुष्कळ लिहिले आहे, वाचकहो. ते घरगुती भाषेत सांगते.

पहिली गोष्ट त्या सहीची. १८७२ सालच्या भारतीय करार कायद्याप्रमाणे करार करायला माणूस सज्ञान, म्हणजे अठरा वर्षे पूर्ण झालेला असावा लागतो. अज्ञानाने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, असा निवाडा प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली, मोहोरी बीबीच्या प्रसिद्ध खटल्यात दिला, आणि तो आजही आपल्या न्यायालयांत मानला जातो. म्हणजे काशीदच्या त्या मुलीने केलेल्या सहीने तिच्यावर कसलेच बंधन पडत नव्हते. पण पालकांनी सही केली की मामला बदलू शकतो; म्हणून खरी जपून करायची सही ती आईबापांची. शिवाय 'तक्रार बाहेर न्यायची नाही' असे कितीही जाड अक्षरांत छापले, तरी न्यायालयाचा दरवाजा पूर्णपणे बंद करणारी अट त्याच कायद्याने निरर्थक ठरवली आहे. आणि प्रशिक्षकाच्या निष्काळजीपणामुळे मुलाला इजा झाली, तर 'आम्ही जबाबदार नाही' हे वाक्य संस्थेला ढाल म्हणून पुरेलच, असेही नाही.

दुसरी गोष्ट विश्रांतीची आणि शाळेची. २०१६ साली बालमजुरीविरोधी कायद्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला करमणुकीच्या किंवा खेळाच्या क्षेत्रात काम करण्याची मुभा त्यात आहे, मात्र त्याच्या शाळेत खंड पडता कामा नये, ही अट घालून. पुढे २०१७ च्या नियमांनी स्पष्टच केले की अशा मुलाकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम घ्यायचे नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. त्याच्या कमाईतला किमान वीस टक्के भाग त्याच्या नावाने बँकेत मुदत ठेवीत टाकायचा. पाहा, खाशाबांचा तो अर्धा तास कायद्यात कुठे कुठे लपून बसला आहे!

याची गरज का पडावी? ओडिशातला बुधिया सिंग आठवा. २००६ साली, अवघ्या चार वर्षांचे ते पोर पुरीहून भुवनेश्वरपर्यंत, ६५ किलोमीटर, सात तास धावले. देशभर टाळ्या पडल्या. डॉक्टरांनी आणि बालकल्याणाच्या अधिकाऱ्यांनी हस्तक्षेप केला, लांब पल्ल्याच्या धावण्यावर बंदी आली, तेव्हा पुष्कळांना तो अधिकाऱ्यांचा अरसिकपणा वाटला. मला विचाराल तर त्या गर्दीत मुलाच्या पायांचा विचार करणारे तेवढेच होते. चार वर्षांचे मूल 'आता पुरे' म्हणू शकत नाही. ते त्याच्या वतीने कुणीतरी म्हणावे लागते.

तिसरी गोष्ट बोलायला अवघड आहे, पण टाळता येत नाही. १९९० साली हरियाणात चौदा वर्षांच्या एका टेनिसपटू मुलीचा, रुचिका गिऱ्होत्राचा, राज्याच्या टेनिस संघटनेच्या अध्यक्षाने विनयभंग केला. तो मोठा पोलीस अधिकारीही होता. मुलीने तक्रार केली. त्याचे फळ म्हणून तिला शाळा गमवावी लागली, घरच्यांचा छळ झाला, आणि १९९३ साली तिने जीवन संपवले. गुन्हेगाराला दोषी ठरवायला २००९ साल उजाडले. एकोणीस वर्षे! त्या वेळी मुलांसाठी वेगळा कायदा नव्हता. २०१२ साली तो झाला. 'पॉक्सो' या नावाने तो आता सर्वांना ठाऊक आहे. अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामुलीला तो लागू आहे. असा प्रकार ज्याला कळला त्याने तो पोलिसांना कळवलाच पाहिजे. संस्थेच्या प्रमुखाने दडपला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 'संस्थेची अब्रू जाईल' ही सबब आता चालत नाही. २०१३ साली स्त्रियांच्या छळाविरुद्ध जो कायदा झाला, त्यात कामाच्या जागेच्या व्याख्येत क्रीडासंस्था, मैदान आणि स्पर्धेचे ठिकाण यांचाही नावानिशी समावेश आहे. आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक पाढ्यांसारखा पाठ करून घ्यावा.

चौथी गोष्ट औषधांची. मैदानावर हल्ली ताकदीच्या भुकट्यांचे डबे दुधाच्या पिशव्यांइतके सहज फिरतात. उत्तेजकांचा नियम कडक आहे. जे तुमच्या शरीरात सापडले त्याला जबाबदार तुम्ही. नरसिंग यादव या आपल्या महाराष्ट्र केसरी मल्लाने २०१६ साली सांगितले की माझ्या खाण्यात कुणीतरी मिसळले. भारतातल्या यंत्रणेने ते मानले, पण आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने मानले नाही, आणि ऐन रिओ ऑलिंपिकमध्ये त्याच्यावर चार वर्षांची बंदी आली. म्हणून सर्दीच्या गोळीपासून भुकटीपर्यंत काहीही तोंडात टाकण्यापूर्वी विचारावे. पण याच नियमांत खेळाडूचे हक्कही आहेत. अज्ञान खेळाडूला नमुना देताना सोबत मोठे माणूस नेता येते, दुसऱ्या नमुन्याची तपासणी मागता येते, सुनावणी मागता येते. आजारपणासाठी औषध आवश्यकच असेल तर आधी अर्ज करून सूट मिळवता येते.

आणि अलीकडे, २०२५ साली, संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. स्त्रिया आणि अल्पवयीन खेळाडूंच्या सुरक्षिततेसाठी धोरण, खेळाडूंच्या समित्या आणि तंट्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण यांची तरतूद त्यात आहे. कागदावरचे हे आखाड्यात कितपत उतरते, ते आपण विचारत राहू तेवढेच उतरेल.

आता एक आक्षेप येणार. तो माझ्या घरातच आला. आमच्या यजमानांनी घेतला. म्हणाले, "तू कायदा मध्ये आणलास की गुरुशिष्याचे नाते संपले. वस्तादावर विश्वास ठेवल्याशिवाय मल्ल घडत नाही." आक्षेप खोटा नाही. तालमीतल्या मातीला नमस्कार करून, वस्तादाच्या पायाला हात लावून मुले घडली आहेत, आणि पदरचे पैसे घालून मुलांना दूध पाजणारे वस्ताद मी ऐकून आहे. खाशाबांच्या हेलसिंकीच्या प्रवासासाठी राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवले, असे सांगतात. अशा गुरूपुढे कोण कलम वाचून दाखवील?

पण नीट विचार केला तर असे दिसते की ज्याच्या मनात काही वावगे नाही, त्याला प्रश्नांची भीती नसते. डॉक्टरवर आपला विश्वास असतो, म्हणून आपण औषधाचे नाव विचारत नाही काय? शेजाऱ्याशी सख्य असते, म्हणून जमिनीचा सातबारा कुणी त्याच्या घरी ठेवून येतो काय? चांगल्या गुरूला कायद्याने काहीच गमवावे लागत नाही. उलट त्याच्या नावावर जगणारे भोंदू त्याने उघडे पडतात.

काशीदच्या त्या कागदाचे पुढे काय झाले, ते सांगते. त्या दुपारी आम्ही ओसरीवर बसून त्याचा मराठी मजकूर केला. मुलीने तो स्वतः मोठ्याने वाचला. "बक्षिसाचं असं लिहिलंय होय?" एवढेच ती म्हणाली. मग तिनेच वहीत चार प्रश्न लिहिले: माझी शाळा कोणती? माझी मूळ प्रमाणपत्रे घरी राहतील ना? दुखापत झाली तर दवाखान्याचा खर्च कोण करील? मुलींच्या वसतिगृहात बाई कोण आहेत? वडिलांनी संस्थेला पत्र धाडले. पहिल्या दोन प्रश्नांची समाधानकारक उत्तरे आली, तिसऱ्याचे अर्धवट, चौथ्याचे आलेच नाही. वडिलांनी सही केली नाही. मुलगी यंदा गावाजवळच्या शाळेतच दहावीला आहे आणि तालुक्याच्या संघातून खेळते आहे. मोठी संधी हुकली की संकट टळले, हे मला ठाऊक नाही, तिलाही नाही. रुखरुख तिला असणारच. पण तो निर्णय त्यांनी कागद समजून घेऊन केला.

आणि संधी काही एकाच दाराने येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातला स्वप्निल कुसाळे राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकत शिकत नेमबाज झाला, आणि २०२४ साली पॅरिसला त्याने कांस्यपदक मिळवले. खाशाबांनंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला बहात्तर वर्षे लागली, ते असे मिळाले. दहावी-बारावीला क्रीडागुणांची सवलत आहे, सरकारी नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पण ही दोन्ही दारे उघडतात ती खऱ्या आणि पडताळणीत टिकणाऱ्या प्रमाणपत्राच्या किल्लीने. आणि ती किल्ली दुसऱ्याच्या कपाटात ठेवायची नसते.

माझे म्हणणे एवढेच, की मुलांना खेळ शिकवताना खेळाबाहेरचे नियमही शिकवावेत. चढाईत 'कबड्डी कबड्डी' म्हणत श्वास किती टिकवायचा हे जसे शिकवतो, तसेच कोणता कागद कसा वाचायचा हेही शिकवावे. त्याला वकील लागत नाही. शनिवारच्या एखाद्या तासाला शाळेत, किंवा सरावानंतर मैदानाच्या कडेला बसून हे होऊ शकते. आणि मराठीची शिक्षिका म्हणून माझी एक मागणी आहे: महाराष्ट्रातल्या मुलांकडून जो कागद सही करून घ्यायचा, तो मराठीत असलाच पाहिजे. ज्या भाषेत मूल 'मला दुखते आहे' म्हणते, त्याच भाषेत त्याला त्याचे हक्कही कळले पाहिजेत.

तुमच्या घरी एखादे धावणारे, पोहणारे, झुंजणारे मूल असेल, तर भाऊबीजेच्या ओवाळणीत त्याला एक साधी फाईल द्या. मूळ प्रमाणपत्रे तिच्यात ठेवा आणि ती घरच्या कपाटात राहू द्या. सरावाला दर महिन्याला एकदा न सांगता जाऊन बसा. आणि मुलाला हे पुन्हा पुन्हा सांगा की कुणी कितीही मोठा असो, 'हे घरी सांगू नकोस' असे तो म्हणाला, तर ते घरी येऊन सर्वांत आधी सांगायचे. एवढे झाले, तर पुढच्या एखाद्या खाशाबाला दमलेल्या अंगाने पुकारले जाईल, तेव्हा तो स्वतःच ताठ उभा राहून म्हणेल, "थांबा. माझा अर्धा तास अजून व्हायचा आहे."